वाळ्याची लावण: उतारासाठी, बांधासाठी आणि नुसत्या शोभेसाठीही

बागेत गवत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात: लॉन, नाहीतर तण. याशिवाय तिसरा एक प्रकार आहे. उंच, झुबक्यानं वाढणारं, वाऱ्यावर डुलणारं शोभेचं गवत. हल्ली फार्महाऊसच्या रस्त्याकडेला आणि हॉटेलांच्या आवारात ते बरंच दिसतं, पण बहुतेक वेळा परदेशी असतं. पांढऱ्या पिसाऱ्याचं पम्पास दक्षिण अमेरिकेतलं. फाउंटन ग्रास आफ्रिकेकडचं, आणि त्याची बी धरणारी मूळ जात अनेक देशांत मोकाट पसरून डोकेदुखी झालेली आहे. असल्या पाहुण्यांवर पैसे घालण्याआधी आपल्या वाळ्याकडे एकदा नीट बघावं, असं माझं मत आहे.

वाळा म्हणजे तोच, ज्याच्या मुळांची जुडी उन्हाळ्यात आपण माठात टाकतो. मुळांशी ओळख सगळ्यांची, झाडाशी फार थोड्यांची. पाती अरुंद, दीड-दोन मीटर उंच, बुडाशी ताठ आणि टोकाकडे झुकलेली. पावसाळा सरता सरता त्याहून उंच दांड्यावर जांभळट तपकिरी तुरा येतो. खरी करामत मात्र जमिनीखाली चालते. मुळं आजूबाजूला हातपाय न पसरता सरळ खाली जातात, आणि जमीन मोकळी असेल तर पहिल्याच वर्षात दोन-तीन मीटर खोली गाठतात. एकेक मूळ जेमतेम मिलिमीटरभर जाडीचं, पण चाचण्यांमध्ये त्याची ताण सोसण्याची ताकद सरासरी 75 मेगापास्कल भरली आहे. साध्या पोलादाच्या हे जवळपास एक षष्ठांश झालं. त्यामुळे वाळ्याची दाट ओळ माती धरून ठेवते. पाणी मात्र अडवून तुंबवत नाही. ते पात्यांमधून हळूहळू पुढे जातं आणि गाळ मागे राहतो. दोन-चार पावसाळ्यांत ओळीच्या वरच्या अंगाला आपोआप पायरी तयार होते.

हा शोध कुणा संशोधन केंद्रात लागलेला नाही. 1980 च्या दशकात जागतिक बँकेच्या कृषितज्ज्ञांनी भारतात मृदसंधारणासाठी वाळ्याचा प्रचार सुरू केला, तेव्हा कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी आधीपासूनच पिढ्यानपिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत होते.

पहिल्यांदा वाळा लावणाऱ्यानं एवढंच पक्कं ध्यानात ठेवावं: सगळी मेहनत पहिल्या पावसाळ्यात आहे. तेव्हा ओळ दाट आणि स्वच्छ ठेवली, तर पुढे वर्षातून दोन-तीन कापण्यांपलीकडे काही काम उरत नाही. प्रत्यक्षात उलटं होतं. लावताना पैसे वाचवायला विरळ लावतात, पहिले दोन महिने तिकडे फिरकत नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी सुकलेल्या ओळीला पाणी घालत बसतात.

पहिलं काम: हाच वाळा आहे ना?

रोपवाटिकेत गवती चहा आणि वाळा शेजारी शेजारी ठेवलेले असतात आणि लांबून दोन्ही सारखेच दिसतात. पान चुरगाळून वास घ्या. लिंबासारखा वास आला तर गवती चहा. वाळ्याच्या पानाला सांगण्यासारखा वास नसतो. तो मुळात असतो. एखादं जाडसर मूळ नखानं खरवडून हुंगा, माठातल्या पाण्याची आठवण झाली पाहिजे.

दुसरी पारख बुडाशी होते. वाळ्याच्या फुटव्याचं बूड चपटं असतं, पानांची आवरणं एकमेकांत बसून पंख्यासारखी दिसतात. गवती चहाचं बूड गोलसर आणि थोडं फुगीर.

तिसरा प्रश्न विक्रेत्याला विचाराच: हा बी धरतो का? वाळ्यात ढोबळमानानं दोन प्रकार आहेत. उत्तरेकडे नदीकाठी आणि पाणथळीत आपोआप उगवणारा रानवाळा बी धरतो. दक्षिण भारतात पिढ्यानपिढ्या लागवडीत असलेला वाळा तुरा काढतो, पण त्यातून उगवण्याजोगं बी जवळपास होतच नाही, म्हणून तो लावला तिथंच राहतो. बागेसाठी आणि बांधासाठी आपल्याला हवा तो हा दुसरा. तेव्हा पाकिटातलं वाळ्याचं बी कुणी विकत असेल तर घेऊ नका. लावण नेहमी ठोंबानं करायची, म्हणजे बुडखा आणि थोड्या मुळांसकट काढलेल्या फुटव्यांनी.

लखनौच्या सीमॅप या केंद्रीय संस्थेनं धारिणी, केशरी, गुलाबी, सिम-वृद्धी अशा जाती काढल्या आहेत. त्या मुख्यतः मुळांच्या तेलासाठी आहेत. बागेत दहा-वीस बेटं, म्हणजे झुबके, लावणाऱ्यानं जातीच्या नावामागे लागण्याची गरज नाही. जवळपासच्या कुणाच्या बांधावर चार-पाच वर्षं उभा असलेला आणि आजूबाजूला एकही रोप न पडलेला वाळा दिसला, तर तिथून आणलेलं ठोंब कुठल्याही नावाच्या जातीइतकंच भरवशाचं.

मग ठरवा: शोभा, माती की मुळं?

हे आधी ठरलं पाहिजे, कारण तिन्हींची लावण वेगळी आहे.

शोभेसाठी एकेक बेट सुटं दिसायला हवं, म्हणून दोन बेटांत पाऊण ते एक मीटर अंतर ठेवा. एकटंदुकटं बेट विसरून राहिल्यासारखं वाटतं. तीन किंवा पाचच्या गटात, थोडं पुढेमागे लावलं की त्याला रूप येतं. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन ज्या जागी पात्यांच्या मागून येतं, ती जागा सगळ्यांत चांगली. पुढच्या बाजूला कोरांटीसारखं ठेंगणं, देशी झुडूप लावलं तर वाळ्याचं उघडं बूड झाकलं जातं. जांभ्याच्या किंवा काळ्या दगडाच्या गडग्यालगत तर वाळा फारच खुलतो.

माती धरायची असेल तर सौंदर्यदृष्टी बाजूला ठेवून 10 ते 15 सेंटिमीटरवर सलग ओळ लावायची. एक वीत अंतरसुद्धा जास्तच. दहा मीटरच्या ओळीला 15 सेंटिमीटरच्या हिशेबानं 67 ठोंबं लागतात. वर आठ-दहा जादा धरा, ती नांग्या, म्हणजे मेलेल्या ठोंबांच्या रिकाम्या जागा, भरायला लागणारच आहेत.

मुळं हवी असतील तर ओळ वेगळीच ठेवा. मुळं काढणं म्हणजे बेट मुळासकट उपटणं आणि सभोवतालची माती खणून मोकळी करणं. ज्या उतारावर माती धरायला वाळा लावला, तिथंच दीड वर्षानं कुदळ घालणं म्हणजे केलेलं सगळं काम पुसून टाकणं. मुळांसाठी रेताड जमीन निवडा, नाहीतर सरळ जुन्या दोनशे लिटरच्या पिंपाला खाली भोकं पाडून त्यात वाळूमिश्रित माती भरा आणि तीन-चार ठोंबं लावा. पंधरा ते अठरा महिन्यांनी पिंप आडवं केलं की मुळं न तुटता हाती येतात. काळ्या चिकण जमिनीतून मुळं काढण्याचा खटाटोप ज्यानं एकदा केला, तो दुसऱ्यांदा पिंपच वापरतो.

जागा

ऊन, ऊन आणि ऊन. वाळ्याचे बाकी सगळे लाड कमी आहेत, पण सावलीत तो कुढतो. दिवसातून किमान सहा तास सरळ ऊन मिळायला हवं. आंब्याखाली, उंच भिंतीच्या उत्तरेला किंवा दाट बांबूलगत लावलेला वाळा मरत नाही, पण फुटवे धरत नाही, आणि फुटवे न धरलेली ओळ माती धरत नाही. ज्या उतारावर आधीच झाडं लावायची आहेत, तिथं वाळा आधी लावा. झाडांची सावली पडेपर्यंत तो स्थिरावलेला असतो.

जमिनीच्या बाबतीत हा अजिबात नखरे करत नाही. काळी, तांबडी, जांभ्याची, मुरमाड, खारवट, अगदी अधूनमधून पाणी साचणारी चालते. मुरमात मुळं खोल जायला वेळ लागतो एवढंच. म्हणूनच मोरीचं पाणी जातं त्या चराच्या काठाला, शेततळ्याच्या भरावाला, विहिरीच्या उकरलेल्या मातीच्या ढिगाला वाळा चालतो, जिथं दुसरं काही नीट लागत नाही.

मात्र एक जागा टाळा: पायवाटेची आणि लहान मुलांच्या खेळण्याची कड. पात्यांच्या कडा खरखरीत असतात, उघड्या पोटऱ्यांना ओरखडे उठतात. वाटेपासून मीटरभर तरी आत लावा. उंबऱ्यालगतही दाट गवत नको. साप-विंचवाला कुठलीही दाट, थंड जागा आवडते, आणि वाळा त्याला अपवाद नाही.

उतारावर रांग कशी आखायची?

ज्यांची जागा सपाट आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे जावं. उतार असलेल्यांनी मात्र सगळ्यांत जास्त वेळ इथं घालवावा.

ओळ उताराला आडवी आणि समपातळीत हवी. डोळ्यांनी अंदाज घेऊन ओढलेली ओळ बहुधा एका टोकाला खाली उतरते, मग पावसाचं सगळं पाणी त्या टोकाकडे पळतं आणि तिथं घळ पडते. ती घळ वाळ्यामुळे पडली असं लोक म्हणतात, पण दोष आखणीचा असतो.

साधन सोपं आहे. गवंडी वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक पहिल्या खुंटीशी धरा, दुसरं टोक घेऊन मदतनीस पुढे चालेल. दोन्ही टोकांतलं पाणी जमिनीपासून सारख्या उंचीवर आलं की तिथं दुसरी खुंटी. अशा दर दोन-तीन मीटरवर खुंट्या ठोकत जा. नळी नसेल तर दोन सारख्या काठ्या आणि एक आडवी पट्टी जोडून केलेली ए-आकाराची चौकट, वरून सोडलेला ओळंबा (दोरीला बांधलेलं वजन), एवढ्यातही काम होतं. पाणलोटाच्या कामाला श्रमदान केलेल्या मंडळींना हे नव्यानं सांगायला नको.

खुंट्या जोडल्यावर रेषा थोडी नागमोडी दिसेल. ती सरळ करण्याचा मोह आवरा. जमीनच तशी आहे.

दोन ओळींमध्ये किती अंतर? उताराच्या लांबीवर नको, उंचीच्या फरकावर ठरवा. बागेतल्या साध्या उताराला दर एक ते दीड मीटर उंचीला एक ओळ ठीक. पाच मीटर चालल्यावर एक मीटर खाली उतरत असाल, तर एक मीटर उंचीच्या हिशेबानं ओळी साधारण पाच-पाच मीटरवर येतील. रस्त्यासाठी कापलेल्या तीव्र उतारावर त्या अर्थातच जवळ येतात. ओळीची दोन्ही टोकं थोडी वरच्या बाजूला वळवा, म्हणजे पाणी वळसा घालून निसटत नाही. एखादी छोटी घळ आधीच पडली असेल तर ओळ तिच्या तळातूनही न्या आणि दोन्ही काठांवर चढवा. घळीतच ओळ तुटली तर बाकी सगळी ओळ असून नसल्यासारखी.

एक इशारा द्यायलाच हवा. वाळा वरचे दोन-तीन मीटर धरतो. अख्खा डोंगर खोलवर सरकत असेल, जमिनीला भेगा पडल्या असतील, घराच्या वरच्या अंगाला दरड सुटायची भीती असेल, तर ते काम गवताचं नाही. तिथं आधी अभियंत्याला दाखवा. आणि लावलेल्या वर्षीच्या पावसाळ्यात वाळ्याकडून कसलीही अपेक्षा धरू नका. त्या वर्षी तो स्वतःच उभा राहत असतो.

ठोंब तयार करणं

जोमदार बेट निवडा, पाती जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून टाका, आणि टिकावानं बाजूनं खणून बेट उचला. हातानं ओढून उपटू नका. फुटवा वर येतो आणि बुडखा जमिनीत राहतो. उचललेलं बेट कुऱ्हाडीनं किंवा धारदार कोयत्यानं उभं फाडा. बेटाच्या मध्यावरचे जुने, पोकळ, वाळके दांडे टाकून द्या. कडेचे ताजे फुटवे घ्या, दोन-तीन फुटव्यांचं एक ठोंब. एकेका फुटव्याचं ठोंब करून संख्या वाढवता येते, पण त्यातली बरीच मरतात आणि जी जगतात ती पावसाळाभर बारीकच राहतात.

आता वरचा भाग 15 ते 20 सेंटिमीटर ठेवून कापा, मुळं पाच ते दहा सेंटिमीटर ठेवून छाटा. नवख्यांचा हात इथं हमखास अडखळतो. एवढी लांब मुळं आहेत, ती कापायची कशाला? कारण लांब मुळं खड्ड्यात दुमडतात, आणि दुमडलेलं मूळ कुजतं. नवी मुळं बुडख्यातून फुटतात. जुनी नुसती आधाराला असतात. तसंच पानांचं. मुळं तोकडी असताना वर मीटरभर पाती ठेवली तर ठोंबातलं पाणी पात्यांवाटे उडून जातं.

तयार ठोंबं शेणकाल्यात बुडवून, ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवा. लावण त्याच दिवशी झाली तर उत्तम, फार तर दोन-तीन दिवसांत. गाडीच्या टपावर उन्हात वाळवत आणलेली ठोंबं मी तरी विकत घेणार नाही, स्वस्तात मिळाली तरी.

जून हुकला, किंवा उतार फारच वाईट आहे, तर पिशवीतली रोपं बरी. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिशव्या भरून ठोंबं लावली की पावसाळ्यापर्यंत नवे फुटवे धरलेली रोपं हाती येतात. खर्च जास्त, वाहतूक जड, पण मर जवळजवळ नाही. जिथं नांग्या पडून चालणारच नाहीत, अशा घळीच्या तोंडाला एवढी रोपं लावावीत आणि बाकी ओळ उघड्या मुळांच्या ठोंबांनी करावी, हा मधला मार्ग.

लावण

जमीन वळवाच्या पावसाआधी तयार ठेवा. ओळीच्या जागी फूटभर रुंदीचा पट्टा खणून त्यातली हरळी, कुंदा आणि लव्हाळा शोधून काढा. हे तिघे आत राहिले तर वाळ्याच्या पोटात शिरून बसतात आणि मग काढता येत नाहीत. शेणखत असेल तर सरीत टाका. मुरमाड जागी चिमूटभर डीएपी (नत्र-स्फुरदाचं रासायनिक खत) मातीत मिसळला तर फुटवे लवकर धरतात. त्यापलीकडे खतांचा थाट नको.

पाऊस नीट लागला आणि जमीन वीतभर खोल भिजली की लावा. महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी ही वेळ जूनच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंत येते. मृगाच्या पहिल्या सरीला भुलून लावलं आणि मागून पंधरा दिवस उघडीप पडली, तर पाणी देण्याची सोय हवी.

ठोंब असं ठेवा की बुडखा जमिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली राहील. मुळं खालच्या दिशेलाच आहेत ना, बघा. माती लोटा आणि पायाच्या टाचेनं घट्ट दाबा. बुडाशी पोकळी राहिली की पहिल्याच उन्हात ठोंब वाळतं. दाबून झाल्यावर एक पातं धरून हलकं ओढून बघा. ठोंब हललं तर परत दाबा.

पहिले तीन महिने

लावल्यानंतर पाती पिवळी पडतात, टोकं वाळतात. घाबरू नका. जिवंत आहे का ते बघायचं असेल तर कापलेल्या टोकाकडे बारकाईनं बघा. गवताचं पान बुडातून वाढतं. त्यामुळे आपण सगळी पाती एका पातळीत कापली असली तरी जिवंत ठोंबाचं सगळ्यांत आतलं पान काही दिवसांत बाकीच्यांच्या वर सरकलेलं दिसतं, आणि त्याचं टोक कात्रीनं कापल्यासारखं सपाटच असतं. बाहेरची पाती तपकिरी, मध्ये हे हिरवं, सपाट टोकाचं पान. ते बोटभर वर आलं असेल तर ठोंबानं जीव धरला. दोन-तीन आठवडे उलटूनही सगळी टोकं एकाच पातळीत असतील, तर उपटून तिथं जादा राखलेलं ठोंब लावा.

हेच नांग्या भरणं. ते त्याच पावसाळ्यात, शक्यतो पहिल्या महिनाभरात उरकायचं. पुढच्या वर्षी भरू म्हणून ठेवलेली नांगी पुढच्या वर्षी भरत नाही, कारण शेजारची बेटं तोवर ऊन आणि पाणी खाऊन टाकतात आणि नवं ठोंब मध्ये गुदमरतं. उतारावर तर त्या एका फटीतून पाणी धार धरून वाहतं, तळाची माती खरवडतं, आणि फट रुंदावत जाते. मी कुठलीही वाळ्याची ओळ बघायला गेलो की आधी बेटं बघत नाही, फटी मोजतो.

पाऊस उघडला तर पहिले दोन आठवडे एक दिवसाआड पाणी द्या, नंतर आठवड्यातून दोनदा. दोन-अडीच महिने झाल्यावर पाण्याची फिकीर संपते. दुष्काळी पट्ट्यात पहिल्या उन्हाळ्यात महिन्याकाठी एखादं पाणी मिळालं तर चांगलं, नाही मिळालं तर पाती वाळतात आणि पावसाळ्यात बुडापासून परत फुटतात.

निंदणीला पर्याय नाही. लावणीनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली खुरपणी, मग सप्टेंबरपर्यंत आणखी दोन. तण वाळ्याहून उंच गेलं की सावली पडली, आणि सावलीचं आधी सांगितलंच आहे. खुरपी बेटाच्या बुडाला लावू नका, वीतभर लांबूनच चालवा. ग्लायफोसेटसारखं तणनाशक मारायचा मोह होतो, पण ते वाऱ्यानं उडून कोवळ्या वाळ्यावर पडला तर वाळाही जातो. तोही गवतच आहे.

गुरं आणि शेळ्या पहिल्या वर्षी लांब ठेवा. कोवळी पाती त्या आवडीनं खातात, आणि ओल्या जमिनीत ओढताना अख्खं ठोंब उपटून येतं. एकदा बेट रुजलं की वरून कितीही चरलं तरी फरक पडत नाही, कारण फुटायचा डोळा जमिनीखाली असतो. वणव्यातून आणि पुरातूनही वाळा परत उभा राहतो तो याच कारणानं.

कापणी

कापल्यावाचून वाळा दाट होत नाही. लावणीनंतर चार-पाच महिन्यांनी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, पहिली कापणी करा, जमिनीपासून वीतभर वर. मन धजत नाही, कारण नुकतीच कुठे पाती डोलायला लागलेली असतात. तरी कापा. कापलं की बेट उंचीऐवजी रुंदीला लागतं आणि शेजारच्या बेटाला जाऊन भिडतं.

त्यानंतर ओळीच्या वाळ्याला वर्षातून दोन-तीनदा, 30 ते 50 सेंटिमीटर ठेवून कापणी. शोभेच्या बेटांना एवढं कापू नका. त्यांची मजाच मोकळ्या पात्यांत आहे. त्यांना मे अखेरीस एकच खोल कापणी द्या, म्हणजे पावसाबरोबर सगळं नवं, पोपटी फुटतं. हिवाळ्यात वाळलेले तुरे काढायचे की ठेवायचे, हे ज्याच्या त्याच्या आवडीवर. मला ते जानेवारीपर्यंत उभे असलेले आवडतात. काही जणांना ते बागेकडे दुर्लक्ष झाल्याची खूण वाटते.

विळ्याला धार हवी आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा. कापलेली पाती जाळू नका, फेकूही नका. ओळीच्या वरच्या अंगाला अंथरली की तण दबतं आणि ओल टिकते. कोवळी असतील तर जनावरांना घाला. जून पाती जनावर तोंडात धरत नाही, ती फळझाडांच्या आळ्यात आच्छादनाला उत्तम.

कुरबुरी

रोगकीड म्हणण्यासारखी नाही. मका-ज्वारीवरच्या खोडकिड्याचा पतंग वाळ्यावर अंडी घालतो, पण त्यातून निघालेल्या अळ्या तिथं फारशा जगत नाहीत. म्हणून शेताच्या कडेला वाळा असणं उलट सोयीचंच. वाळवी कधी कधी दिसते, ती बेटाच्या मध्यावर साचलेल्या मेलेल्या दांड्यांत. वेळेवर कापलं आणि मधला कचरा ओढून काढला की जाते.

चार-पाच वर्षांनी शोभेच्या बेटाचा मध्य पोकळ पडतो आणि कडा तेवढ्या हिरव्या राहतात. ओळीत हे दिसत नाही, सुट्या बेटात लगेच नजरेत येतं. जूनमध्ये बेट उचला, फोडा, कडेचं एक ताजं ठोंब त्याच जागी लावा.

शेजारी विचारतील की हे गवत आमच्याकडे पसरेल का. बिनबियांचा वाळा हरळीसारखे जमिनीवरून धावणारे किंवा कुंद्यासारखे जमिनीखालून चालणारे फुटवे काढत नाही. नको झाला तर बुडखा खणून काढायचा. खाली राहिलेली मुळं परत फुटत नाहीत, जागच्या जागी कुजतात. पिकाशी त्याची स्पर्धा कमी असते, तरी उंच पात्यांची सावली पडते म्हणून भाजीच्या वाफ्यापासून अर्धा मीटर जागा सोडा.

पुढच्या वर्षीची सोय

पहिल्या वर्षी लागणाऱ्या ठोंबांपेक्षा थोडी जास्त आणा आणि एक छोटी ओळ फक्त बेण्यासाठी राखा. एक फूट अंतरावर, चांगल्या मातीत, पाण्याच्या सोयीजवळ. दीड-दोन वर्षांच्या जोमदार बेटातून वीस-तीस फुटवे सहज निघतात, म्हणजे दहा-बारा ठोंबं. अशी दहा बेटं राखली तर दरवर्षी पंधरा मीटर ओळ विकत न घेता लावता येते. बेण्याची ओळ उतारावरच्या ओळीपासून वेगळी हवी, नाहीतर गरज पडली की जवळचं बेट खणलं जातं आणि पावसाळ्याच्या तोंडावर बांधात नेमकी फट तयार होते.